काळ्या कोकराची भिजवणी

दान्या,

तुला मातीआड करून आम्ही परत आलो, तुझ्या अंगणातल्या लिंबाखाली सतरंजीवर टेकलो, कुणीतरी बिनदुधाचा चहा फिरवला आणि पहिला प्रश्न निघाला तो कोकराचा. तुझ्या घराचा नाही, दुकानाचा नाही. तू ईस्टरसाठी केलेलं कागदाचं काळं कोकरू सण होऊन गेला तरी अजून चर्चमध्ये टेबलावर उभं होतं. त्याची भिजवणी पुढच्या सोमवारी होती आणि भिजवणारा त्याच्या आधीच निघून गेला होता. आता कोकराचं काय करायचं? सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण भिजवायचा टब ज्या दुकानात, त्याची किल्ली माझ्या खिशात होती.

तू कुठं जन्मलास, किती शिकलास, हे लिहायला मी बसलेलो नाही. ते पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं, आणि चांगलं वाचलं. मला तुझ्याशी भांडायचंय. इतकी वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडलो, आणि तू भांडण अर्ध्यावर टाकून गेलास. हे तुझं लई चुकलं.

आपलं दुकान म्हणजे पाटोद्यात तहसीलच्या रस्त्याला एक शटर आणि त्यात दोन धंदे. डाव्या हाताला माझं झेरॉक्सचं मशीन, उजव्या हाताला तुझं बाइंडिंग. मी मेंढपाळाच्या घरातला, खुर्चीवर बसून कमावणारा आमच्यातला पहिलाच. तू ख्रिस्ती मंडळीतला, बाइंडरचा पोरगा, बाइंडरच. पोथी आली काय, बायबल आलं काय आणि शाळेचं हजेरीपुस्तक आलं काय, तुझ्या शिकंज्यात सगळ्यांना सारखाच दाब बसायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तू कागदाशी खेळत बसायचास आणि मी तुझ्या नावानं बोटं मोडत बसायचो, कारण तुझ्या कातरणांनी माझ्या मशीनचा रोलर जाम व्हायचा.

पहिलं कोकरू आठवतंय का? नाताळाच्या गव्हाणीत ठेवायला म्हणून केलं होतंस. कुठल्यातरी कॅलेंडरवरचं परदेशी चित्र समोर ठेवून केलेलं. पांढरं, गुबगुबीत, तोंड आखूड, कान ताठ. माझ्या काउंटरवर ठेवलंस आणि छाती फुगवून उभा राहिलास.

"कसं झालंय बे?"

"ब्येस हाय," मी म्हणालो. "कुत्रं कुनाचं हाय?"

तू माझ्याशी बोलणंच टाकलंस. चहा मागवायचास तो एकच. शेवटी मीच तुला गाडीवर घातलं आणि चौसाळ्याच्या अलीकडं नेलं, जिथं माझ्या भावानं, सोपाननं, एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. सोपाननं सकाळीच जन्मलेलं एक कोकरू तुझ्या मांडीवर दिलं. कोकरानं तुझ्या इस्त्रीच्या शर्टावर मुतून ठेवलं आणि तू तसाच बसून राहिलास. त्याचं पुढं आलेलं वाकडं नाक बोटानं चाचपलंस. लांब लोंबता कान उजेडात धरलास आणि आतल्या शिरा बघितल्यास. सोपान म्हणाला, "पसंत असलं तर न्या की." तू म्हणालास, "न्यायचं न्हाई, बनवायचं हाय." सोपाननं माझ्याकडं असं बघितलं, की हा माणूस बरा हाय ना. मी म्हणालो, हाय, असाच हाय.

आमच्याकडची मेंढरं काळी. तुला कोकरू काळं करायचं होतं पण रंग लावायचा नव्हता. रंग फासला की कागद मरतो, असं तुझं म्हणणं. मग तुझी नजर माझ्या मशीनखालच्या टोपलीवर गेली. झाकण उघडं राहिलं की मशीन काळंकुट्ट पान टाकतं, तशी वाया गेलेली पानं त्यात पडलेली असायची. तू एक पान उचललंस, त्याच्या बारीक पट्ट्या कापल्यास, एकेक पट्टी दाभणावर गुंडाळून सोडलीस आणि तिचं कुरळं झालं. अशी हजारो कुरळी. आत तारेचा सांगाडा, त्यावर लगदा, वर खळीनं चिकटवलेली लोकर. कान तू अलगद टांगलेस, एवढे हलके, की पंखा लावला की हलायचे. ते कोकरू उभं राहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तोंडावर मात्र मी तुला एवढंच म्हणालो, "हां, आता मेंढरू वाटतंय." बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर, तहसीलच्या पायऱ्यांवर, जो भेटेल त्याला सांगत होतो, की चला, आमच्या दान्यानं काय केलंय ते बघायला चला.

चर्चमध्ये मात्र सुलोचनाबाई आडव्या आल्या. तुमच्या मंडळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, अर्ध्या पाटोद्याला त्यांनी सुई टोचलेली, त्यामुळं त्यांच्यापुढं आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती.

"दानियल, देवाचं कोकरू निष्कलंक पाहिजे. हे काळं कावून केलं?"

कोकरू म्हणजे तुमच्यात प्रभू येशूची खूण. तू मान खाली घातलीस. मला राहवलं नाही. तुमचा धर्म मला कळत नाही, पण मेंढरू कळतं. मी म्हणालो, "बाई, डाग नसला म्हंजे झालं ना? मग ह्याच्यावर एक पांढरा केस दाखवा." बाईंनी खरंच चष्मा लावून शोधला. मग हसायला लागल्या. म्हणाल्या, हा वकील कुठून आणला रे. काळ्या रंगाचा प्रश्न तिथंच मिटला.

पण दुसरी गोष्ट त्यांनी सोडली नाही. त्या म्हणाल्या, "आपन मूर्तीपुढं वाकत न्हाई. आज तू हे शोभेला ठेवशील. इतकं झाक झालंय, उद्या लोक ह्याला हात जोडतील. मग काय करशील?"

तू कितीतरी दिवस त्या कोकरापुढं बसून होतास. मग एका दुपारी उठलास आणि थेट बाईंच्या घरी गेलास. म्हणालास, सण झाला की मी हे भिजवतो. परत लगदा करतो. पुढच्या सणाला त्याच्यातूनच दुसरं बनवतो. काहीच राहिलं न्हाई, तर कुनी हात कशाला जोडल? बाई म्हणाल्या, "भिजवताना मी स्वतः बघायला येनार." आणि आल्या. खुर्ची घेऊन आल्या. तेव्हापासून दर भिजवणीला आल्या.

तेव्हापासून तुझी ती भिजवणी, आणि तेव्हापासून आपलं भांडण.

तुझी आई जुन्या कागदाच्या टोपल्या करायची, तीच रीत तू उचललीस. कागद टबात भिजवायचा, तिच्याच उखळात कुटायचा, कीड लागू नये म्हणून त्यात मेथ्या वाटून घालायच्या. वर तुझी स्वतःची एक भर. जुन्या लगद्याचा मूठभर गोळा वाळवून डब्यात ठेवायचास आणि पुढच्या वेळी नव्या लगद्यात मिसळायचास, विरजण लावल्यासारखा. ईस्टरनंतरच्या सणाला तू पवित्र आत्म्याचं कबुतर करायचास, म्हणजे प्रत्येक कबुतरात आधीचं कोकरू होतं आणि प्रत्येक कोकरात आधीचं कबुतर. हे मी लोकांना सांगायचो तेव्हा माझी मान ताठ असायची. आणि भिजवणीच्या दिवशी मात्र मी मशीन बंद करून टपरीवर जाऊन बसायचो. मला ते बघवायचं नाही.

कसं बघवेल बे? गुड फ्रायडेला तू काट्यांचा मुकुट केलास, समोर बाभळीची फांदी ठेवून, एकेक काटा कागदाची सुरळी करून. पाळकसाहेबांनी तो उचलताना हात मागं घेतला, खरा समजून. कुठल्याशा पुस्तकात तू वाचलंस की पेलिकन नावाचा पक्षी पिलांसाठी स्वतःची छाती फोडून त्यांना रक्त पाजतो, म्हणून तोही तुमच्यात प्रभूची खूण. तो केलास. एकेक पीस वेगळं कापलेलं. पाटोद्यात कुणी पेलिकन बघितलेला नाही. मीच तुला विचारलं, "ह्या बगळ्याला झालंय काय?" तू कपाळावर हात मारलास, पण मला बसवून सगळं सांगितलंस. पुस्तकात भाकरीची खूण म्हणून गव्हाची ओंबी होती. तू ज्वारीचं कणीस केलंस, म्हणालास, आपल्याकडं भाकर म्हटलं की गहू आठवतो का कुनाला? त्या कणसाचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा असा. गुड फ्रायडेला पार बीडवरनं, पालीवरनं माणसं बघायला यायची. ख्रिस्ती, मुसलमान, आमची धनगराची माणसं. चपला बाहेर काढायची आणि बराच वेळ नुसती उभी राहायची. आणि ते सगळं तू पाण्यात घालायचास. उन्हाळ्यात इथं प्यायला टँकर, आणि हा माणूस टबभर पाणी कागदाला देतोय. ते उरलेलं पाणी मग लिंबाला घालायचास म्हणून मी तेवढ्यापुरतं तोंड बंद ठेवायचो.

सगळ्यात मोठं भांडण त्या मॅडमवरून झालं. शहरातल्या कुठल्यातरी कला महाविद्यालयातल्या. तुझा पेलिकन त्यांनी फोनवर बघितला होता आणि त्यांना तो प्रदर्शनात मांडायचा होता. तू त्यांना सरळ सांगितलंस की सोमवारच्या आत या. त्यांची गाडी मंगळवारी आली. तू त्यांना चहा पाजलास आणि टबात हात घालून ओला लगदा दाखवलास. बिचाऱ्या रडायच्या राहिल्या. त्या गेल्यावर मी तुला काय काय बोललो. येडा म्हणालो, हेकट म्हणालो, एका दिवसानं तुझा देव रागवला असता का, असंही म्हणालो. "एक ठेव. आयुष्यात एक तरी ठेव. तुझं नाव व्हईल, गावाचं व्हईल."

तू शिकंजा आवळत होतास. वर न बघता म्हणालास, "मारत्या, लोकांचं सोड. ठेवलं ना, तर पहिला मीच त्याच्या पाया पडन. लई चांगलं झालतं ते."

मी चिडून मशीन चालू केलं. खरं सांगू, तुझं ते बोलणं मला पटलं नव्हतं. एवढा गुणी माणूस आणि स्वतःच्या कामाला घाबरतो, असंच वाटलं.

तर आता लिंबाखाली सगळे बसले होते आणि कोकरू चर्चमध्ये उभं होतं. तुझ्या हातचं जगात एवढंच उरलेलं. बाकी सगळं तू भिजवून मोकळा झाला होतास. पाळकसाहेब म्हणाले, काचेची पेटी करू, खाली दानियलचं नाव घालू. तुझी लेक रूथ पुण्याहून आलेली, रडून रडून डोळे सुजलेले. सुलोचनाबाई जमिनीकडं बघत होत्या. मी म्हणालो, "भिजवायचं न्हाई. ठेवायचं." इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला अडवायला कुणी नव्हतं. रूथ माझ्याकडं वळली. "काका, त्याच्या अंगावर तुमच्याच मशीनचे कागद आहेत. तुम्हीच घरी न्या."

मी जिंकलो होतो बे. तुझ्याशिवाय जिंकायला काय मजा येणार, पण जिंकलो होतो.

गाडीच्या टाकीवर कोकरू ठेवलं, वर उपरणं घातलं आणि बाजारातनं निघालो. उपरण्यातनं कान बाहेर आलेले, वाऱ्यानं हलत होते. भाजीवाल्या हाका मारायला लागल्या, "मारुतराव, जत्रा हाय का घरी? मटनाला आमाला बोलवा." त्यांना खरं वाटलं. कुरळ्या लोकरीचं, लोंबत्या कानाचं, त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि खरं वाटलं. मला गाडी थांबवून सांगावंसं वाटलं की हे आमच्या दान्याचं काम हाय. पण उपरणं सारखं केलं आणि पुढं निघालो.

घरी टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवलं. माझ्या बायकोनं, कौसल्येनं, फळी आधी पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी सोपान आला. चपला उंबऱ्याबाहेर काढून आत आला, कान धरून बघितला, नाकावरनं बोट फिरवलं आणि म्हणाला, "आपल्याच कळपातलं हाय हे." माझ्या भावानं, ज्याला मेंढरातलं सगळं कळतं, त्यानं हे म्हटलं, दान्या. तू हे ऐकायला पाहिजे होतंस. मग त्यानं कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि कोकराच्या कपाळाला लावला. नव्या कोकराला आम्ही हळद लावतोच, त्यात काही वावगं नाही. पण लावून झाल्यावर त्यानं हात जोडले.

तिथून सुरू झालं. संध्याकाळी कौसल्येनं निरांजन लावलं. मी ओरडलो, अगं कागद हाय तो. ती म्हणाली, "मेलेल्या मानसाच्या हातचं घरात आलंय, आन् दिवा नको?" निरांजन थोडं लांब सरकवलं, एवढंच. मग शेजारच्या बायका आल्या. कुणी फूल ठेवलं, कुणी तांदूळ. आणि रविवारी समोरच्या गल्लीतली एक बाई नारळ घेऊन आली. तिचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. ती कोकरापुढं बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "पोराचं काम होऊ दे, तुझ्यापुढं पाच नारळ फोडीन."

मी दारात उभा होतो. त्या बाईचा मला राग आला नाही. चांगली बाई आहे. पण मी फळीकडं बघितलं आणि मला तुझं काम दिसलंच नाही. कुरळी लोकर दिसली नाही, कान दिसले नाहीत, ते वाकडं नाक दिसलं नाही. फूल, तांदूळ, नारळ, पिवळं कपाळ. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो ते कोकरू आठवडाभरसुद्धा कोकरू राहिलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी सकाळी अंघोळ करून बाहेर पडताना माझेही हात जोडले गेले होते. मला वाटलं, तुझी आठवण म्हणून जोडले. आता तसं वाटत नाही.

सोमवारी सकाळी कोकरू परत गाडीवर घेतलं. कौसल्येनं फुलं बाजूला काढून दिली. मी शटर उघडायला पोचलो तर सुलोचनाबाई खुर्ची टाकून बाहेर बसलेल्या. मी म्हणालो, "बाई, तुमाला कुनी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "सोमवार हाय ना?" रूथही आली. तिला मी फोन केला होता. मला वाटलं होतं ती भांडेल. ती ओढणी खोचून टब धुवायला बसली.

बाईंनी कोकराच्या कपाळाकडं बघितलं. पिवळंजर्द, काळ्यावर लांबूनही दिसावं असं. माझं तोंड उतरलं. तुमच्या चर्चमधली वस्तू, आणि आम्ही तिचं काय करून ठेवलं. म्हणालो, "बाई, माझ्या भावानं लावलंय. त्याला कळत न्हाई. पुसून घेतो."

बाईंनी चष्मा सारखा केला. म्हणाल्या, "हळदच हाय ना? राहू दे. कीड लागनार न्हाई."

मग मी ते टबात ठेवलं. पहिले कान गेले. मऊ पडले आणि पाण्यावर पसरले. मग लोकर सुटायला लागली, एकेक कुरळं उलगडून परत पट्टी व्हायला लागलं. कपाळापासून पिवळा धागा पाण्यात उतरला. मी टपरीवर गेलो नाही. बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात घातले. आतली तार हाताला लागली तेव्हा मला हुंदका आला, आणि रूथनं माझ्या हाताखालून तार सोडवून घेतली. दुपारी आम्ही ते उखळात कुटलं. मेथ्या रूथनं वाटल्या. किती वाटायच्या हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून अंदाजानं घातल्या. चुकलं असेल तर सांभाळून घे.

पुढचं कबुतर कोण करणार, मला माहीत नाही. रूथ म्हणते, ती शिकेल. मी म्हणतो, मेंढरू असेल तर मला विचार, बाकीचं तुझं तू बघ. वाळवलेला गोळा डब्यात आहे. दान्या, तुझ्या हातचं आता जगात काहीच नाही. मोबाइलात फोटो आहेत, पण फोटोतले कान हलत नाहीत. आणि तरी मला तुझा एवढा अभिमान वाटतोय की शटर ओढून मी रस्त्यानं छाती काढून चाललो. एवढं देखणं करणारे शंभर असतील. करून सोडून देणारा मी एकच बघितला, आणि तो माझ्या शेजारी बसायचा.

संध्याकाळी टपरीवर एक नवा माणूस होता, तहसीलला बदलून आलेला. त्यानं विचारलं, इथला तो ख्रिस्ती कलाकार गेला म्हणे, कागदाचं फार सुंदर करायचा, त्याचं काही बघायला मिळेल का? मी हात धुतले नव्हते. कोपरापर्यंत करडा लगदा वाळला होता आणि नखांत हळद होती.

मी दोन्ही हात त्याच्यापुढं धरले.

तुझाच,
मारत्या